पाय कुठे ठेवणार?

शेवटच्या सत्राचं शेवटचं काम फळ्यावर :
सोबत्यांच्या अभिप्रायांवरून
आपली वाढ तपासा. हजार शब्द. सोमवारपर्यंत.

घरी सांगितलं तर आई म्हणाली,
वाढ? काय वाढू? भात की आमटी?

मग माळ्यावरून काजूकतलीचा डबा काढला.
चार वर्षांच्या पिवळ्या चिठ्ठ्या,
पाठीचा गोंद मेलेला,
त्याला धूळ, एक केस, बहुतेक माझाच.
बेलापूरच्या आमच्या कॉलेजात
काम भिंतीवर टांगायचं, भिंतीकडे पाठ करून उभं राहायचं
आणि बाकीचे येऊन चिकटवून जायचे
जे तोंडावर बोलवत नाही ते.

‘रंग ओरडतोय.’
‘अक्षरांना श्वास घ्यायला जागा दे.’
‘भारी!’ ‘भारी!’ ‘भारी, पण का?’
एकीवर नुसता चहाचा गोल डाग,
तोही मी जपलाय, अभिप्राय समजून.

आणि ही. पहिल्या वर्षाची.
मासळीवालीसाठी स्टूल केलं होतं मी,
पडद्यावर गिरकी घेणारं, सागवानी, तीन पायांचं,
सावलीसुद्धा मऊ.
चिठ्ठीवर तीनच शब्द :
‘पाय कुठे ठेवणार?’

किती राग आला होता.
जिन्यात झुलेखाला म्हटलं,
जमिनीवर, अजून कुठे!
खाली नाव नव्हतं. पण ‘ठ’चं पोट
इतकं गोल फक्त निनाद मढवी काढतो,
हे कळायला अक्षररचनेचं अख्खं वर्ष लागलं.
आणि त्याची आई दिवाळे गावच्या बाजारात बसते,
हे कळायला आणखी एक.

तिसऱ्या वर्षी गेले.
मावशी पाटावर. डावा पाय दुमडलेला,
उजव्याखाली मोरळीची फळी,
घोळ कापताना तसूभर न हलणारी.
माझ्या स्टुलावर बसली असती
तर पाय लोंबकळला असता,
फळी सुटली असती,
बोट गेलं असतं.
‘बस ना,’ म्हणाली, सरकली.
बसले. गुडघे बोलले. सलवार भिजली.
त्या दिवशी वही काढलीच नाही.

नंतर सहा स्टुलं झाली. सातवं स्टूल नव्हतंच,
मोरळीच्याच फळीला मागे जोडलेली बैठक,
चार बोटं उंच.
मावशीने महिनाभर वापरली,
मग तिच्यावर बर्फाची पेटी ठेवली.
तीही एक चिठ्ठीच.

रात्री निबंधाला बसले.
‘कुणी वाढल्याशिवाय कुणी वाढत नाही.’
वाक्य छान जमलं, म्हणून खोडलं.

मग लिजोला फोन केला,
मी तुला काय लिहायचे रे?
त्याने फोटो पाठवला.
माझ्या हातच्या अकरा चिठ्ठ्या, ओळीने.
नऊंवर ‘छान’. एकीवर ‘खूप छान’.
उरलेल्या एकीवर फूल.

बराच वेळ फोन हातातच.
चार वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसले,
त्याच्या कागदावरून रंगाची बाटली उचलली, परत ठेवली,
आणि कागद?
तो म्हणाला, अगं, फूल आवडलं होतं मला.
हे त्याने बरं वाटावं म्हणून म्हटलं.
त्यालाही कुणी शिकवलं नसावं.

आज पहिल्या वर्षाच्या भिंतीपुढे.
वेदांग नावाच्या मुलाने
घणसोलीच्या बसथांब्याची पाटी केलीय.
अक्षरं देखणी, बारीक, राखाडीवर राखाडी.
हात आपोआप ‘छा’ लिहून गेला.
ती चिठ्ठी चुरगाळली, खिशात.
मला बाबा दिसले, तुर्भ्याच्या मार्केटातून
गोणी उचलून परतणारे, चष्म्याची एक काडी नसलेले,
थांब्याखाली मान वर करून.
लिहिलं :
‘रात्री अकराला, दिवा बंद असताना,
दमलेला माणूस हे कुठून वाचणार?’
खाली नाव लिहिलं. पूर्ण.

तो पाठमोरा उभा. कान लाल.
मी काही बोलले नाही.
फक्त चिठ्ठी नीट चिकटलीय का,
अंगठ्याने एकदा दाबून पाहिलं.